पोच आल्याशिवाय

पिंगळेजींच्या आधी माझी ओळख झाली ती त्यांच्या पायांशी. फरशी पुसत मी त्यांच्या टेबलाखाली पोचले आणि ते पाय काही हलेनात. भर उन्हाळ्यात करडे पायमोजे, अंगठ्याशी रफू केलेले. कचेरीत मी सगळ्यांशी हिंदीच बोलायचे, तेही गरजेपुरतं. पण त्या दिवशी गुडघे दुखत होते, म्हणून तोंडातल्या तोंडात मराठीत म्हणाले, "उचला की हो पाय, महाराज."

दोन्ही पाय एकदम वर गेले. वरून आवाज आला, "हे घ्या, उचलले. पण महाराज म्हणू नका. आमच्याकडे सगळे शिपाईगडी होते."

मी इतकी लाजले की उरलेली अर्धी फरशी तशीच सोडून बाहेर आले.

झाशीहून बबीन्याला जाणाऱ्या वाटेवर आमचं केंद्र आहे, गवतावर संशोधन करणारं. मी तिथे ठेकेदाराची माणूस, सफाईला आणि चहाला. शिक्षण चौथी, तेही भुसावळकडच्या एका खेड्यातलं. आमचे हे रेल्वेच्या कारखान्यात, म्हणून लग्नानंतर झाशी. पिंगळेजी मात्र इथलेच, दतिया गेटजवळ राहणारे. त्यांचे पूर्वज सैन्याबरोबर इकडे आले ते परत गेलेच नाहीत. त्यांची मराठी माझ्या आजीहून जुनी होती आणि मध्येच ती हिंदीत शिरायची. शून्याला ते पूज्य म्हणत आणि कॉम्प्युटरच्या थंड खोलीला कोठी. ते शास्त्रज्ञ नव्हते, तांत्रिक सहायक होते. जाऊन आता दीड वर्ष झालं त्यांना. त्यांच्याविषयी काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही, पण एक गोष्ट मला कुठेतरी ठेवायची आहे.

त्यांचं काम असं होतं. केंद्राच्या मागे माळावर एक लोखंडी मनोरा आहे. त्यावरची यंत्रं सेकंदाला वीस वेळा हवा मोजतात. गवत दिवसा हवेतून काय घेतं आणि रात्री काय सोडतं, त्याची नोंद होते. पिंगळेजी म्हणायचे, "गवताचा श्वास मोजतो आपण. बबीन्याला तोफांचा सराव सुरू झाला की आमचे आकडेही दचकतात." ते आकडे एका डिस्कमध्ये साठत. डिस्क दोन होत्या, एक मनोऱ्यावर आणि एक कोठीत. महिन्याने त्यांची अदलाबदल व्हायची. कोठीत आलेल्या डिस्कमधून पिंगळेजी रोजच्या आकड्यांचं एकेक गाठोडं बांधत आणि जर्मनीतल्या एका केंद्राला इंटरनेटच्या लाइनवरून पाठवत. हे गाठोडं शब्दही त्यांचाच. महिन्याची तीस गाठोडी. अकरा वर्षं हे चाललं होतं, एक दिवस न चुकता. आपल्याकडच्या गवताची इतकी सलग नोंद दुसऱ्या कोणाकडे नाही, असं बडे साहेब पाहुण्यांना सांगत. पिंगळेजी स्वतः कोणाला सांगत नसत, पण त्या अकरा वर्षांत त्यांनी घरच्या कोणत्याही लग्नात तीन दिवसांहून जास्त मुक्काम केला नव्हता.

बूट दाराबाहेर काढून ते कोठीत जात. गाठोडं सुटलं की "निघाली सवारी" म्हणत आणि मग हात मांडीवर ठेवून गप्प बसत. एसीचं पाणी बादलीत धरून बाहेरच्या कडुनिंबाला घालत. चहाचा कप स्वतः विसळून पालथा घालत. मी म्हणाले, "ते माझं काम आहे." ते म्हणाले, "तुमचं काम चहा. उष्टं माझं."

एकदा मी धीर करून विचारलं की नवी लाइन एवढी जाड आणली म्हणता, मग गाठोडं जायला दिवस का लागतो. प्रश्न विचारल्याचीच मला लाज वाटली. पण ते खुर्ची फिरवून नीट समोर बसले.

"शालूबाई, तुमच्याकडे पाहुणा जेवायला आला. तुम्ही एक पोळी वाढलीत. आता तो 'आली' म्हणेपर्यंत दुसरी वाढायची नाही, असा नेम आहे. पाहुणा स्वयंपाकघरात बसलाय तोवर ठीक. पण पाहुणा बसलाय जर्मनीत. पोळी जायला वेळ, त्याचं 'आली' परत यायला वेळ. तुम्ही लाटणं हातात धरून नुसत्या उभ्या. तवा कितीही मोठा आणा, काय उपयोग?"

"मग?"

"मग त्याला सांगायचं की बाबा, मी एकदम पन्नास वाढते. तू बसून मोज, आणि जी आली नाही तिचं तेवढं नाव सांग. गेले आठ दिवस मी एवढंच करतोय."

त्या दिवशी घरी पोळ्या लाटताना मला सारखं हसू येत होतं. ह्यांनी विचारलं तर सांगता येईना.

तर ते 'आली' म्हणणं, त्याला पिंगळेजी पोच म्हणत. पोच आल्याशिवाय पुसायचं नाही, हे त्यांचं ब्रीद. म्हणजे तिकडून पोच येईपर्यंत इथली डिस्क रिकामी करायची नाही. आणि नुसती पोच पुरेशी नाही. "पोचणं वेगळं, जुळणं वेगळं," ते म्हणायचे. "सामान पोचलं, पण आत बरणी फुटलेली असली तर?" त्यासाठी प्रत्येक गाठोड्याची एक ओळ असे, बत्तीस खुणांची. गाठोड्यातल्या आकड्यांवरूनच कॉम्प्युटर ती काढतो. आत एक दाणा इकडचा तिकडे झाला, तरी सगळी ओळ बदलते. जर्मनीतल्या केंद्रातली एक बाई पोचलेल्या गाठोड्यांच्या ओळी काढून पाठवायची आणि इथे आमच्या ओळींशी त्या जुळवायच्या.

हे जुळवणं कॉम्प्युटरही करू शकतो. पण एकदा त्याने दोन रिकाम्या याद्या एकमेकींशी जुळवून 'सगळं बरोबर' असं सांगितलं होतं. तेव्हापासून पिंगळेजी डोळ्यांनी जुळवत. एकाने पडद्यावरून वाचायचं, दुसऱ्याने कागदावर बघायचं. आधी एक भैया होता, त्याची बदली झाली. मग एक दिवस ते मला म्हणाले, "शालूबाई, तुम्ही बसता का?"

"मला इंग्रजी येत नाही."

"इंग्रजीत सव्वीस अक्षरं आहेत. आपल्याला सहाच लागतात. दहा आकडे आणि ए ते एफ. बाकीची वीस त्यांची त्यांना लखलाभ."

ती सहा अक्षरं त्यांनी मला दोन दुपारी जेवणाच्या सुट्टीत शिकवली. घरी जाताना पाट्यांवर मी तेवढीच वाचत जायचे. स्टेशनवर गाडी आली की डब्यांवरचं ए आणि बी मला ओळखू यायचं. हे म्हणाले, "वा, एसीचे डबे बरोब्बर वाचतेस. आपण ज्यात बसतो ते एस शिकवलं नाही वाटतं त्यांनी?" पिंगळेजींना सांगितलं तर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

मग दर महिन्याला एक दुपार मी कोठीत बसायचे. बाहेरच्या माणसाला तिथे यायची परवानगी नव्हती, ठेक्यावरच्या बाईला तर नाहीच. म्हणून सफाईला आल्यासारखं दिसावं यासाठी मी पोछा आणि बादली दाराशी ठेवायचे. ते पडद्यावरून वाचत, "सात, चार, बी, पूज्य..." आणि मी पेन्सिल कागदावर सरकवायचे. ओळ जुळली की शेवटी बरोबरची खूण. नाही जुळली तर मी फक्त "थांबा" म्हणायचं. तो एकच शब्द माझ्याकडे होता. तीन वर्षांत चारदा म्हणायची वेळ आली आणि चारही वेळा ते एवढंच म्हणाले, "शाब्बास." मग ते गाठोडं पुन्हा पाठवायचे. मला आयुष्यात शाब्बास म्हणणारं तोवर कोणी नव्हतं, हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही.

पोच घ्यायची त्यांची सवय कॉम्प्युटरपुरती नव्हती. मी टेम्पोने रेल्वे कॉलनीत जायचे. एकदा वाटेत टेम्पो बंद पडून मला उशीर झाला, ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून घरी पोचले की त्यांना मिस कॉल द्यायचा असा नेम झाला. एक घंटी. ते फोन कापत, म्हणजे कळलं. फोनवर बोलणं मला कधी जमलं नाही, त्यामुळे ही व्यवस्था मला फार बरी वाटायची.

रस्त्याच्या कामात लाइन तुटली, तेव्हाची त्यांची दिल्लीवारी आमच्या घरात अजून सांगितली जाते. पंधरा दिवस दुरुस्ती होईना. पिंगळेजींनी डिस्क पंच्यात गुंडाळली आणि दिल्लीहून पाठवायला स्वतः निघाले. तिकीट ह्यांनी काढून दिलं. परत आल्यावर घरी पेढे घेऊन आले आणि ह्यांना म्हणाले, "जाधवजी, मी हिशेब मांडून पाहिला. एवढे आकडे एवढ्या वेळात आमच्या लाइनने कधीच गेले नसते. तुमची रेल्वेच अजून सगळ्यात जाड लाइन आहे."

"डिस्क ठेवली कुठे होती?" ह्यांनी विचारलं.

"मांडीवर."

"आणि मध्ये उठावं लागलं तेव्हा?"

पिंगळेजींनी शांतपणे पेढा तोंडात टाकला. "तीही आली होती बरोबर. दारामागच्या खुंटीला टांगली होती. पण तेवढा वेळ माझं लक्ष दुसरीकडे नव्हतं, एवढं खरं."

आता ती दुपार.

ज्येष्ठाचा महिना संपला होता. त्या साली ऊन असं होतं की माळावर दुपारी पाखरू दिसत नसे. बड्या साहेबांना त्या उन्हाचेच आकडे हवे होते. फार तापल्यावर गवत श्वास घेणं सोडून देतं का, ते त्यांना बघायचं होतं. पिंगळेजी म्हणाले होते, अकरा वर्षांत असे दिवस पहिल्यांदाच मिळालेत. गाठोडी पाठवून झाली होती. मध्ये वीज जाऊन लाइन दोनदा तुटली होती, पण तिकडून पोच आली होती. आम्ही जुळवायला बसलो. बावीस ओळी झाल्या, आणि दार उघडून बडे साहेब आत आले. मागे सूट घातलेले तीन पाहुणे आणि एक बाई.

"पिंगळेजी, मेहमान हैं. काम चलने दीजिए, ये लोग देखना चाहते हैं."

मी उठायला लागले. पिंगळेजींनी हातानेच बसा म्हटलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराशी ठेवलेल्या बादलीकडे पाहिलं. पाहुण्यांतल्या बाईंनी हसून विचारलं, "ये भी साइंटिस्ट हैं?" त्या चांगल्या मनानेच बोलल्या असतील. सगळे हसले. माझ्या कानांत रक्त भरलं.

पिंगळेजी पुढची ओळ वाचू लागले. पहिलाच आकडा वेगळा, दुसरा वेगळा. सगळी ओळच वेगळी. मी कागद पाहिला, वरची ओळ पाहिली, खालची पाहिली, पण मी चुकीची ओळ धरली नव्हती. आता मी थांबा म्हणायचं होतं. पाच माणसं माझ्या पेन्सिलीकडे बघत होती. पिंगळेजी ओळ संपवून थांबले, माझ्याकडे न बघता, नेहमीसारखे. मी बरोबरची खूण केली. मनात म्हटलं, हे लोक गेले की सांगेन. पुढच्या तीन ओळीही नाही जुळल्या. त्यांच्यापुढेही खुणा केल्या. एकदा गप्प बसल्यावर दुसऱ्यांदा बोलणं आणखी कठीण झालं होतं. शेवटच्या चार जुळल्या.

"हो गया?" साहेबांनी विचारलं.

पिंगळेजींनी कागद घेतला, सगळ्या खुणांवरून नजर फिरवली. "जी. हो गया." मनोऱ्यावर जायला गाडी उभीच होती. पाहुण्यांना डिस्कची अदलाबदलही दाखवायची होती. पिंगळेजींनी तिथेच डिस्क पुसली आणि हातात घेऊन बाहेर पडले. मी बादलीशी उभी होते. ते माझ्यासमोरून गेले, अगदी हाताच्या अंतरावरून.

त्या दिवशी घरी पोचल्यावर मी मिस कॉल दिला. त्यांनी कापला.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, मीच चुकीचं पाहिलं असेल. आठ दिवसांनी तर तशी खात्रीच करून घेतली. चार महिन्यांनी जर्मनीतल्या बाईंचं पत्र आलं की चार गाठोडी फुटकी निघाली, कृपया पुन्हा पाठवा. त्याच उन्हाचे चार दिवस. पाठवायला इथे काही उरलं नव्हतं.

साहेबांनी पिंगळेजींना बोलावलं तेव्हा चहा घेऊन मीच आत गेले. टेबलावर तो कागद होता.

"मिलान किसने किया था?"

"मैंने."

"वो सफाईवाली बैठी थी उस दिन. मैंने खुद देखा था."

"जी, पोछा लगाने आई थी. मैंने कहा, बैठ जाओ, गर्मी है. पढ़ा भी मैंने, देखा भी मैंने."

"और ये निशान?"

पिंगळेजींनी कागद हातात घेतला. माझ्या खुणा मुलांच्या पाटीवरच्यासारख्या, मोठ्या आणि वेड्यावाकड्या. त्या चार तर कागदात रुतलेल्या. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मेरे हैं."

मी ट्रे ठेवला. कपातला चहा बशीत सांडला होता. मी बाहेर आले. माझं काम टिकलं.

त्यांना कोठीतून काढलं. निवृत्तीला दोन वर्षं होती, ती त्यांनी आवक-जावकच्या खिडकीवर काढली, पाकिटांवर शिक्के मारत. बड्या साहेबांनी अकरा वर्षांच्या नोंदीवर जो मोठा लेख लिहिला, त्यात आभारांत पिंगळेजींचं नाव यायचं होतं. ते आलं नाही. हे मला त्यांनी नाही सांगितलं, कचेरीत दुसरे बोलत होते. खिडकीवरही ते दुपारचा कप विसळून पालथा घालत. कडुनिंबाला पाणी घालायला मात्र कोठीच्या मागे येत नसत. ते मी घालायला लागले.

मी किती वेळा त्या खिडकीपर्यंत गेले ते मोजलेलं नाही. जाताना शब्द तयार असायचे. ते मान वर करून म्हणायचे, "या शालूबाई. काय आवक, काय जावक?" आणि मी म्हणायचे, "चहा." संध्याकाळी मिस कॉल द्यायचे. ते कापायचे. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

निवृत्तीच्या दिवशी समोसे आणि हार झाला. मग पिंगळेजी साहेबांना म्हणाले, "एक बार मिलान कर लूँ? आखिरी." कोठीत आता अंकित नावाचा तरुण होता. जुळवायचं काम तो कॉम्प्युटरलाच सांगायचा आणि ते नीटच व्हायचं. तो म्हणाला, "सर, ऑलरेडी चेक हो चुका है, पर आप कर लीजिए." पिंगळेजींनी बूट काढले आणि वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "शालूबाई, या. कागद घ्या."

दारात सात-आठ जण जमले होते, हातात समोशाच्या पत्रावळी घेऊन. पिंगळेजी वाचत होते, मी खुणा करत होते. नवव्या ओळीला त्यांनी वाचलं ते माझ्या पेन्सिलीखाली नव्हतं. माझा हात थांबला. जमलेले लोक, साहेबांचे बूट, सगळं तसंच होतं.

"थांबा," मी म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की अंकितने मागे वळून पाहिलं.

पिंगळेजी पडद्याजवळ वाकले. "बरोबर. माझी ओळ चुकली. मी दहावी वाचली." मग हळूच, मला ऐकू येईल एवढंच, "शाब्बास."

त्यांची नजर खरंच चुकली होती की त्यांनी मुद्दाम चुकवली, ते मला आजही सांगता येत नाही. पण तीन वर्षं मी त्यांच्याबरोबर बसले, त्यांची ओळ कधी चुकली नव्हती.

फाटकाशी त्यांनी हार सायकलच्या हँडलला अडकवला. पायमोजे तेच, करडे. मी तिथेच उभी होते, ते थांबले. फाटकात आम्ही दोघंच होतो. तेव्हा सांगता आलं असतं. ते म्हणाले, "उद्या इंदूरला मुलीकडे. घर आता तिकडेच. आज मात्र पोच द्या आठवणीने." मी मान हलवली. सायकल वळणापर्यंत दिसत राहिली, हारातले झेंडू एकेक करून रस्त्यावर पडत होते.

घरी पोचून मी फोन लावला. एक घंटी झाली. मी ठेवणार, एवढ्यात पलीकडून आवाज आला. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच फोन उचलला होता.

"बोला, शालूबाई."

मी दारातच होते, चप्पलही काढली नव्हती. फोन दोन्ही हातांनी धरला.

"ऐकतोय मी," ते म्हणाले. आणि थांबले. गाठोडं सुटल्यावर हात मांडीवर ठेवून थांबत तसे. मला त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता.

"पोचले," मी म्हणाले.

मग ते म्हणाले, "बरं."

आणि फोन त्यांनी आधी ठेवला नाही. मीच ठेवला.